बाकावरची सहावी

आगगाडीचा वास आमच्या घरात वडिलांच्या आधी शिरायचा. कल्याणला पारनाक्याच्या मागच्या बोळात आमचं दोन खणांचं घर होतं, आणि वडील, म्हणजे आमचे दादा, रोज सकाळच्या गाडीने मुंबईला एका छापखान्यात खिळे जुळवायला जायचे. संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी त्यांचं खाकरणं ऐकू आलं की आई न्हाणीत घंगाळ भरून ठेवायची आणि आम्हा भावंडांना ओटीवरून आत पिटाळायची. दादा ओटीवरच अंगरखा आणि उपरणं उतरवून कोपऱ्यात टाकत. त्या कपड्यांतून जो भपकारा यायचा तो मी सत्तरी ओलांडली तरी माझ्या नाकातून गेलेला नाही. दहा जातींच्या माणसांचा घाम, तंबाखूची पिंक, डोक्याला थापलेलं शिळं खोबरेल, कुणाच्या तरी पाटीतून गळलेलं मासळीचं पाणी आणि या सगळ्यावर कोळशाच्या धुराचा लेप. आई ते कपडे काठीने उचलायची, हात लावायची नाही. एकदा उपरण्याच्या टोकाला कुणीतरी नाक पुसलेलं निघालं तेव्हा तिने ते सरळ चुलीत घातलं.

दादा पानावर बसले की पहिला भात होईपर्यंत तोंडातून शब्द काढत नसत. वालाच्या बिरड्याने पोट जरा शांत झालं, की मग सुरू व्हायचं. आज कोण कुणाच्या मांडीवर बसलं, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत गेलं, भांडुपला कुणाच्या पोराने उभ्या उभ्याच धार सोडली आणि ती कुणाच्या शिदोरीपर्यंत गेली. तिसऱ्या वर्गाच्या डब्याला तेव्हा संडास नव्हता, आणि स्टेशन सुटलं की दाराला बाहेरून कुलूप लागायचं. ते पुढच्या स्टेशनावर कुणी येऊन उघडेल तेव्हाच उघडायचं. दादा म्हणायचे, बैल मालगाडीच्या वाघिणीत घालताना निदान बैलाचा मालक तरी जवळ उभा असतो. ते एवढं सांगून ताकभात कालवायचे आणि आई म्हणायची, जेवताना पुरे आता ते. पण दुसऱ्या दिवशी तीच विचारायची, आज बसायला मिळालं का म्हणून. मिळालं असेल तर दादा त्या दिवशी न्हाण्याआधी आम्हाला हाक मारत, नाहीतर नाही.

आता माझी नातवंडं विजेच्या गाडीतून जातात आणि घरी येऊन पंखा नव्हता, गर्दी होती, म्हणून कुरकुरतात. मी ऐकतो आणि उठून दुसऱ्या खोलीत जातो. त्यांचं खोटं आहे असं नाही. गर्दी ती गर्दीच. पण मला तो विषय सोसत नाही, आणि का सोसत नाही ते मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. ते इथे लिहून टाकतो. लिहितानाही स्वतःची शिसारी येते, पण आता या वयात शिसारीला भिऊन चालणार नाही.

माझं अक्षर चांगलं होतं. दादांनी छापखान्यातून आणलेल्या रद्दी कागदांवर मी लहानपणापासून मोठाली अक्षरं गिरवायचो. सतरावं लागलं तसं दादांनी मला कल्याणच्या यार्डात पेद्रू मिस्त्रीच्या हाताखाली डब्यांवर अक्षरं रंगवायला लावून दिलं. मिस्त्री ठाण्याचा, ख्रिस्ती, सुतारकामात हात असा की साहेबसुद्धा त्याला अरेतुरे करताना जरा थांबायचा. माणूस वाईट नव्हता. हे मला आधीच सांगितलं पाहिजे, कारण पुढचं वाचून कुणीही त्याच्यावर खापर फोडेल. दुपारी तो आपल्या डब्यातलं तांदळाचं पोळं मला द्यायचा आणि मी ते आईला न सांगता खायचो. मला तेव्हा वाटायचं, आपल्याइतका सुखी कुणी नाही. पांढरा रंग, बारीक कुंचला, आणि मी लिहिलेलं अक्षर पार मुंबईपर्यंत धावतंय.

त्या वर्षी वरून हुकूम आला, की प्रत्येक डब्यात किती माणसं बसायची तो आकडा दारावर लिहायचा, इंग्रजीत आणि मराठीत. लोक ओरडत होते, अर्ज करत होते, वर्तमानपत्रांत लिहीत होते, त्याचं हे फळ. दादांना तर कोण आनंद झाला. आता कायदा झाला, म्हणाले, आता आकड्याच्या वर एक माणूस घालून दाखवा म्हणावं. त्या दिवशी त्यांनी आईला शिरा करायला सांगितला, आणि हे आकडे आपला पोरगा लिहिणार म्हणून बोळभर सांगत फिरले.

पण आकडा ठरवायचा कसा, हे कुणी सांगितलं नव्हतं. बाक पूर्वी चार जणांचा म्हणून केलेला. यार्डातल्या हेडकारकुनाने, जो साहेबाच्या पायरीशी कायम जोडे काढून उभा असायचा, डोकं लढवलं. माणसं बसवून पाहायची, मावतील तितकी खरी. पुरुषांच्या डब्याला अडचण आली नाही, रुळावर काम करणारे मजूर बोलावले, बसवले, मोजले. अडलं ते बायकांच्या डब्याशी. साहेब, कारकून आणि सगळं यार्ड बघत असताना बाकावर येऊन बसेल अशी बाई आणायची कुठून? खडी वाहणाऱ्या बाया होत्या, त्या तयार होत्या, एकीने तर पाटी खाली ठेवून पदरही खोचला. पण त्यांचे नवरे तिथेच रुळावर होते, ते म्हणाले, आमच्या बाया नुमाईश करायला नाहीत. कारकुनालाही गावात बोभाटा नको होता. मिस्त्रीला कुणी म्हणालं तुझी बायको आण, तर तो म्हणाला, ती एकटीच बाक भरेल, मग काय लिहिणार?

सगळे हसले. आणि त्या हसण्यातच कारकुनाची नजर आम्हा पोरांवर गेली. यार्डात उमेदवारी करणारी आम्ही सहा पोरं, सगळी काटकुळी, मिसरूडही धड न फुटलेली. बायका अशाच असतात, तो म्हणाला, नाजूक, यांनाच बसवा. आमच्या डोक्यांवरून पंचे घेतले, म्हणजे तो पदर. पाच जण बसले आणि बाक भरला. माझ्या डोळ्यांना तरी भरला. साहेब घड्याळ बघत होता. मिस्त्रीने मला दंडाला धरलं, दोघांच्या मधल्या फटीत तिरका घातला आणि वरून खांदे दाबले. मी श्वास सोडून बसलो. सहावी, कारकून म्हणाला. दोन बाक, म्हणजे बारा. साहेबाने वहीत लिहिलं आणि निघून गेला. दुसरा बाक कुणी मोजलाही नाही. मिस्त्रीने आम्हाला बाजारातून जिलेबी आणवली, आणि मी ती बोटं चाटून खाल्ली.

नेसूचं लुगडं नऊवार, त्याच्या निऱ्या, ओचा, कडेवरचं पोर, मांडीवरची टोपली, पोटातलं मूल, यातलं काहीही त्या दिवशी बाकावर बसलं नव्हतं. हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही असं मी म्हणू शकलो असतो. माझ्या आलं होतं. घरात आई होती, माहेरी येणारी थोरली बहीण अक्का होती, लुगडं किती जागा खातं ते मला दिसत होतं. पण मी कोण सांगणारा? मी कुंचला धुतला आणि दारावर लिहिलं, ‘बायका १२’. दोनाची शेपटी मला त्या दिवशी फार सुरेख जमली होती.

मग महिनाभर यार्डात आमची धिंड. मला सगळे ‘सहाव्या वहिनी’ म्हणायचे. पाणी प्यायला गेलो तर कुणी म्हणायचं, सरका हो, वहिनींना जागा द्या. इंजिनवाले शिट्टी मारायचे. गोष्ट गावातल्या पोरांपर्यंतही पोचली, शेणाळे तळ्यावर पोहायला गेलो तर पोरांनी माझं धोतर लपवून लुगडं नेस म्हणून सांगितलं. मी रडत घरी आलो आणि कुणाला काही बोललो नाही. दादांना तर त्यातलं अक्षरही कळू दिलं नाही. त्यांना वाटत होतं, आकडा साहेबाने काहीतरी गणित करून काढलाय.

अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. भायखळ्याला दिलेली होती, नवरा गिरणीत जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाताखाली. आमच्या आईसारखीच हाडापेराने मोठी, दोन हंडे एकदम उचलणारी, आणि हसली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागायचं. तिला दिवस गेले तेव्हा आईने सातव्या महिन्यात घेऊन यायचं ठरवलं होतं. पण अक्काच्या सासूबाईंचं काही ना काही निघत गेलं. आधी अमावास्या आडवी आली, मग घरात पाहुणे, मग म्हणे कामाला बाई मिळत नाही. आठवा सरत आला. दादांना तेव्हा ताप भरला होता, म्हणून मला पाठवलं. आईने दहादा बजावलं, दुपारच्या गाडीने ये, दुपारी डबे रिकामे असतात. काहीही झालं तरी संध्याकाळची गाडी धरायची नाही.

मी सकाळीच गेलो. पण सासूबाई. ओटी भरायची राहिली, मग नारळ मिळेना, नारळ आला तर राहुकाळ, राहुकाळ सरला तर दहीभात खाल्ल्याशिवाय जायचं नाही. अक्का पाटावर बसून माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती आणि मी आत धुमसत होतो. स्टेशनावर पोचलो तेव्हा गिरण्या, कारखाने, कचेऱ्या सगळं सुटलेलं. फाटकाच्या आत माणसं अशी दाबून उभी होती की पडायलाही जागा नव्हती. फाटक गाडी आल्यावरच उघडायचे, आणि मग जो लोंढा सुटायचा त्यात पागोटी, चपला, शिदोऱ्या, लाज, सगळं पायाखाली. मी अक्काला म्हटलं, पुढच्या गाडीने जाऊ. ती म्हणाली, पुढची अंधारात पोचेल, आई जीव टाकून बसली असेल. मी दोन्ही हात पसरून तिच्यापुढे चालत राहिलो.

बायकांच्या डब्याचं दार उघडं होतं आणि दारात टिकिटवाला उभा. आत नजर टाकली. बाकांवर बायका एकमेकींत रुतल्या होत्या, मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर गाठोडी, मधल्या जागेत मासळीच्या रिकाम्या पाट्या एकीवर एक. पाट्या रिकाम्या पण वास भरलेला. एका पोराला उलटी झालेली होती आणि ती कुणी पुसलेली नव्हती. अक्काला बघून आतल्या बायका एकदम बोलायला लागल्या, की हिला कुठे घालता, आमच्या डोक्यावर का? टिकिटवाल्याने बोटाने मोजलं. पोरं मोजायची नसतात, पाट्या मोजायच्या नसतात. तो म्हणाला अकरा झाल्या, आणि दारावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“बारा लिहिलंय. साहेबानं मोजून लिहिलंय, उगाच नाही. सरका सगळ्या.”

अक्काला वाचता येत नव्हतं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, “बाळू, बाराच आहे का रे?”

माझंच अक्षर माझ्यासमोर होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, की हा आकडा खोटा आहे, बाई न बसवता काढलाय, तिथे मी बसलो होतो. तेवढं म्हटलं असतं तर टिकिटवाला ऐकता की नाही, देव जाणे. कदाचित हसला असता. मागे शेदीडशे माणसं उभी होती, त्यांत कल्याणचे ओळखीचे चेहरे होते, आणि मला त्या हसण्याचीच भीती वाटली. पंचा डोक्यावर घेऊन बाई म्हणून बसलो होतो हे त्या फलाटावर सांगायची मला लाज वाटली. दुसरं काहीही कारण नव्हतं. मी लहान होतो, घाबरलो होतो, नोकरी जाईल असं वाटलं, अशी कारणं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला पुरवली. सगळी खोटी.

“बाराच आहे,” मी म्हणालो.

अक्का आत गेली. टिकिटवाल्याने तिच्या पाठीला हात न लावता दारच आत ढकललं, म्हणजे दारानेच तिला आत सारलं, आणि कुलूप घातलं. मी शेजारच्या डब्यात घुसलो. कुणाच्या तरी काखेत माझं तोंड होतं, पायावर कुणाचा तरी ओला पाय, कानाशी एक म्हातारा खोकून खोकून खिडकीबाहेर थुंकत होता आणि वारा ते परत आत आणत होता. मधे फळ्यांची भिंत होती. कुर्ल्यापर्यंत पलीकडून बायकांचं भांडण ऐकू येत होतं. भांडुपच्या पुढे भांडण थांबलं. त्याचं मला बरं वाटलं, गाढवाला. वाटलं, बसल्या एकदाच्या.

ठाण्याला गाडी थांबली आणि पलीकडून कुणीतरी फळीवर मूठ आपटायला लागलं. एक कोळीण खिडकीतून ओरडली, “ही भरल्या पोटाची पोर कुनाची हाय? पानी द्या कुनीतरी.” मी ओरडलो, माझी आहे, माझी बहीण आहे. पण आमचं दार फलाटाच्या बाजूने उघडायला कुणी आलं नाही, आणि माझ्यापुढे दाराला लागून पाच माणसं होती. खिडकीतून एका माणसाच्या हाती लोटा पाठवला, तो तिच्यापर्यंत पोचला की नाही मला माहीत नाही. गाडी सुटली. मुंब्र्याच्या बोगद्यात सगळा धूर आत आला आणि डबाभर माणसं खोकायला लागली. पलीकडच्या खोकण्यात मी अक्काचं खोकणं शोधत होतो.

कल्याणला त्या कोळणीने आणि आणखी एकीने तिला दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. तिच्या पोटाशी कुणाची तरी पाटी अडकून बसली होती, ती भायखळ्यापासून ठाण्यापर्यंत कुणाला हलवताच आली नव्हती. ठाण्याला काही बाया उतरल्या तेव्हा या दोघींनी उभं राहून अक्काला बाकावर आडवी केली. कोळीण मला म्हणाली, “तू भाऊस ना तिचा? डोळे फुटले व्हते का तुझे?” तिने डोईवर पाटी घेतली आणि निघून गेली. तिचं नावही मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मूल झालं. मुलगा होता. रडला नाही. सुईण म्हणाली, पोटाला मार बसलाय. वैद्य म्हणाले, असं घरबसल्याही होतं, गाडीचंच असेल असं नाही. मी वैद्यांचं वाक्य पकडून ठेवलं, अजूनही कधी कधी काढून बघतो. दादा तापात उठून बसले आणि रेल्वेला, साहेबाला, त्याच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या. आकडा लिहूनसुद्धा मेले जास्त माणसं भरतात, म्हणाले. आईने सांगितलं, जास्त नव्हती भरली हो, बाराच होत्या. त्या आकड्यापुढे दादांचं काही चालेना. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा चुलीपाशी बसून लाकडं सारत होता.

दहा दिवसांनी अक्का पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. आई पाणी आणायला गेली होती, मी पेज घेऊन आत गेलो. तिने वाटी घेतली, थोडी प्यायली, आणि स्वतःच्या मांडीकडे बघत म्हणाली, “मी फार लठ्ठ झालेय का रे बाळू? तिथं बारा जणी मावतात. रोज मावत असतील. मीच मावले नाही. त्या बायका सगळ्या माझ्यामुळे चेंबल्या.”

मी म्हणालो, पेज गार होतेय, पी.

बस, एवढंच म्हणालो. त्यानंतर यार्डातली नोकरी मी सोडली, दादांच्या छापखान्यात लागलो, तीस वर्षं त्याच गाड्यांतून गेलो आलो, लग्न केलं, पोरं झाली, आणि सांगायचं म्हणून कितीदा तरी अक्काच्या घरी गेलो. दर वेळी चहा पिऊन परत आलो. तिला पुढे तीन मुलं झाली, सगळी जगली. ती म्हातारी झाली, वाळली, शेवटी शेवटी तर पाटीभर वजन उरलं नाही. गेल्या पावसाळ्यात ती गेली; त्याच्या थोडं आधी तिला दवाखान्यात दाखवायला मी ठाण्याला घेऊन गेलो होतो. परतताना दुपारची वेळ, डब्यात आम्ही दोघंच, समोरचे सगळे बाक मोकळे. अक्का खिडकीच्या कोपऱ्यात गेली, निऱ्या आवळून गुडघ्यांत धरल्या, कोपरं पोटाशी घेतली आणि अंग चोरून बसली. मी म्हटलं, अक्का, पसरून बस की, सगळा डबा आपलाच आहे.

ती म्हणाली, “असू दे रे. पुढच्या स्टेशनावर कुणी आलं, तर त्याला जागा नको?”

कल्याणपर्यंत कुणी आलं नाही. ती तशीच बसून राहिली. आणि मी तेव्हाही तिला सांगितलं नाही.